गावच्या फलकावर लेकीचेही नाव हवे

पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने, ज्या गावांतून पुष्कळ माणसे फौजेत गेली होती, त्या गावांना दगडी पाट्या दिल्या. दक्षिण महाराष्ट्रात आणि कोकणात त्या अजूनही पाहायला मिळतात. कुठे चावडीच्या भिंतीत, कुठे शाळेच्या, कुठे देवळाच्या आवारात. मजकूर ठरलेला. या गावातून इतके पुरुष १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास गेले, त्यांपैकी इतके कामी आले. आकडा आहे, नाव एकाचेही नाही. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाचे ४६ जवान त्या युद्धात पडले. गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' हा शब्द लागला तो कायमचा. शिरोळ तालुक्यातली टाकळी अशीच 'सैनिक टाकळी' झाली. ही गावे आपल्यापासून फार लांब नाहीत, आणि आपल्या बेळगाव, खानापूर, चंदगड भागातल्या गावांची फौजेशी असलेली सोयरीकही त्याच जातीची आहे. १९२२ च्या सुमारास मराठा पलटणींचे केंद्र बेळगावला आले तेव्हापासून कॅम्पातला बिगूल हा आपल्या सकाळचा भाग आहे. घरटी एक नाही तरी गल्लीत पाच-दहा फौजी, हे आपल्याकडचे जुने प्रमाण.

हे सारे वाचकांना ठाऊक आहे. पुन्हा सांगण्याचे कारण एवढेच की, गावोगाव आता स्मारके, फलक, कमानी उभ्या राहत आहेत आणि त्यात एक जुनी खोड तशीच चालू आहे. इंग्रजाने नावे गाळली. आपण नावे लिहितो, परंतु निम्म्या घराची लिहितो.

इंग्रजाच्या हिशेबाविषयी आधी दोन शब्द. मेसोपोटेमियात कूत-अल-अमाराच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी अडकल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी तिथे शरणागती झाली आणि पुढे तुर्कांच्या कैदेत, वाळवंटातल्या पायपिटीत माणसे किडामुंगीसारखी मेली. त्या आघाडीवरच्या मृतांसाठी बसऱ्याला मोठे स्मारक उभारले गेले. गोऱ्या शिपायाचे नाव त्यावर कोरले, हिंदी अधिकाऱ्याचे कोरले, पण साध्या हिंदी शिपायाच्या वाट्याला पलटणीच्या नावाखाली फक्त संख्या आली. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने एप्रिल २०२१ मध्ये स्वतःच अहवाल काढून ही विषमता मान्य केली आणि माफी मागितली. ज्यांची नावे कुठेच लिहिली गेली नाहीत किंवा ज्यांचे स्मरणच झाले नाही, अशांची संख्या निदान १ लाख १६ हजार असावी, असे त्या अहवालात म्हटले आहे. शंभर वर्षांनी का होईना, एका संस्थेने आपली वही तपासली. आपल्या गावच्या वहीला तर शंभर वर्षेही झालेली नाहीत. ती तपासायला अहवाल कशाला हवा? ग्रामसभेची एक बैठक पुरे.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये 'मेरी माटी मेरा देश' या मोहिमेत देशभरच्या ग्रामपंचायतींनी शिलाफलक बसविले. त्यावर गावच्या वीरांची नावे लिहायची होती. कल्पना चांगली होती, यात शंका नाही. पण सरकारी मोहीम म्हटली की मुदत येते, मुदत आली की घाई येते, आणि घाईत जी नावे ओठावर असतात तीच दगडावर जातात. ओठावर कोण असते? हवालदार असतो, सुभेदार असतो, ज्याचा पार्थिव देह तिरंग्यात गुंडाळून गावात आला आणि ज्याच्या अंत्यदर्शनाला पंचक्रोशी लोटली तो जवान असतो. तसे असावे हेही योग्यच. लष्करी इस्पितळात वीस-पंचवीस वर्षे काढून निवृत्त झालेली गावची लेक मात्र ओठावर नसते. ती नर्स होती. मिलिटरीत 'होती' असे कोणी म्हणत नाही, मिलिटरीच्या दवाखान्यात 'नोकरीला होती' असे म्हणतात. फरक ऐकून पाहा.

आपल्या कार्यक्रमांची मांडणी पाहिली तरी हे कळते. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, कारगिल विजय दिन, १६ डिसेंबर. पहिल्या रांगेत वीरमाता आणि वीरपत्नी यांच्या खुर्च्या असतात. त्यांना साडी-चोळी, शाल, श्रीफळ. मागे माजी सैनिक, टोप्या घालून, पदके लावून. या मांडणीत बाईला जागा आहे ती कुणाची तरी आई किंवा कुणाची तरी बायको म्हणून. जिने स्वतः गणवेश घातला, जिच्या खांद्यावर स्वतःच्या हक्काचे तारे होते, तिची खुर्ची कुठल्या रांगेत? वीरमातांच्या रांगेत ती बसत नाही, कारण तिचा मुलगा पडलेला नाही. माजी सैनिकांच्या रांगेत तिला कोणी बोलावत नाही. मग ती मंडपाच्या कडेला, बायकांच्या घोळक्यात उभी राहते आणि टाळ्या वाजवते.

ज्यांना हे अतिशयोक्तीचे वाटेल त्यांनी आधी हे पाहावे की ही सेवा आहे तरी काय. २८ मार्च १८८८ रोजी दहा प्रशिक्षित इंग्रज परिचारिका मुंबई बंदरात उतरल्या. हिंदुस्थानातल्या लष्करी इस्पितळांची घडी बसविणे हे त्यांचे काम. तिथून या सेवेचा उगम. १ ऑक्टोबर १९२६ रोजी इंडियन मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस ही कायम स्वरूपाची सेवा झाली आणि तिची दारे हिंदी मुलींना उघडली. १९४३ च्या वटहुकमाने ती सशस्त्र दलांचा भाग ठरली आणि परिचारिका कमिशनप्राप्त अधिकारी झाल्या. दुसऱ्या महायुद्धात या सेवेतल्या बायका सिंगापूर, ब्रह्मदेश, इटली, इजिप्त इथे होत्या. काही जपान्यांच्या कैदेत पडल्या. पुढे १९६२, १९६५, १९७१, १९९९. जखमी जवान आघाडीवरून मागे आला की, ज्या हातांत तो पहिल्या रात्री असतो ते हात हिचे असतात. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातल्या नर्सिंग कॉलेजातून मुलगी बाहेर पडते ती लेफ्टनंट म्हणून. म्हणजे आपल्या गल्लीतला हवालदार इस्पितळात तिला सॅल्यूट ठोकतो, आणि गावात तिचे नाव त्याच्या नावाखालीसुद्धा लागत नाही. भारताच्या सैन्यदलांत मेजर जनरल या हुद्द्यावर पोचलेली पहिली स्त्री कोण, असे विचारले तर पुष्कळ जण वैमानिक नाही तर डॉक्टर सांगतील. ती परिचारिका होती. गर्ट्रूड अलिस राम, १९७६.

ग्वाल्हेरच्या वाचकांना एक आठवण त्यांच्या घरची. महाराजा माधवराव शिंदे यांनी इतर संस्थानिकांच्या साथीने 'एम्प्रेस ऑफ इंडिया' ही प्रवासी बोट विकत घेतली आणि १९१५ साली ती 'लॉयल्टी' या नावाने इस्पितळ-जहाज म्हणून समुद्रावर गेली. दरबारच्या दानशूरपणाची ही हकीकत आपण अभिमानाने सांगतो. त्या जहाजावर रात्र-रात्र जागलेल्या परिचारिकांची नावे मात्र आपल्याला सांगता येत नाहीत. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची नवी कोरी इमारतही त्या काळात लष्करी इस्पितळ म्हणून वापरली गेली, हेही आता कमी लोकांच्या लक्षात आहे.

आता मूळ प्रश्न. नाव गळते कुठे?

ते माहेर आणि सासर यांच्यामध्ये गळते. मुलगा फौजेत गेला तर तो गावचाच राहतो. सुट्टीवर गावी येतो, निवृत्त झाल्यावर गावात घर बांधतो, मेला तर गावच्या मातीत मिसळतो. मुलगी नर्सिंगला गेली तेव्हा ती एका आडनावाची होती. लग्न झाले, आडनाव बदलले, गाव बदलले. माहेर म्हणते, ती आता त्यांची. सासर म्हणते, ती भरती झाली तेव्हा आमची नव्हती. दोन्ही गावांचे फलक आपापल्या परीने पूर्ण, आणि ती दोन्हीकडे नाही. कागदावरही घोळ होतो. कमिशनचा कागद एका नावाने, पेन्शनचा दुसऱ्या नावाने, आणि शाळेच्या दाखल्यावर तिसरेच काही. गावच्या यादीसाठी माहिती गोळा करणारा तरुण हे पाहून वही मिटतो.

बरे, लग्न हीसुद्धा साधी गोष्ट नव्हती. १९७७ च्या एका लष्करी आदेशानुसार या सेवेतल्या अधिकाऱ्याने लग्न केले तर तिची नोकरी संपवता येत असे. पुरुषाला असा नियम नव्हता, हे सांगायला नकोच. हा आदेश १९९५ साली मागे घेतला गेला. सिकंदराबादच्या लष्करी इस्पितळात नेमणुकीवर असलेल्या एका परिचारिकेला याच कारणाने १९८८ मध्ये कमी केले होते. तिने दाद मागितली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा नियम उघड उघड मनमानीचा ठरवून तिला ६० लाख रुपये भरपाई देण्याचा हुकूम केला. छत्तीस वर्षे! तेव्हा त्या पिढीतल्या ज्या बायका सेवेत टिकल्या, त्यांतल्या कितीतरी बिनलग्नाच्या राहिल्या आणि निवृत्तीनंतर भावाच्या घरी परतल्या. भाचे-पुतणे त्यांना आत्या म्हणून ओळखतात. आत्याच्या ट्रंकेत पदक आहे, हे घरातल्या धाकट्यांना तिच्या पाठीमागे कळते.

यात सरकारचाच दोष आहे असे म्हणून हात झटकता येणार नाहीत. आपल्या जुन्या घरांनी काय केले तेही बोलले पाहिजे. मुलगी डॉक्टर झाली तर पेढे, नर्स झाली तर गप्प. हा शहाणपणा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. रमाबाई रानडे यांनी पुण्याच्या सेवासदनातून विधवांना, टाकलेल्या बायकांना ससून इस्पितळात परिचर्येचे शिक्षण घ्यायला पाठवले तेव्हा केवढी टीका झाली होती! परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, रात्रपाळी करायची, विटाळ-चांडाळ पाहायचे नाही, हे कुलीन घरच्या लेकीचे काम नव्हे, असे म्हणणारे तेव्हा होते आणि त्यांची नातवंडे आजही आहेत. त्यामुळे झाले असे की, या सेवेत ज्या मुली आधी गेल्या त्यांत ख्रिस्ती मुलींचा वाटा मोठा होता. खानापूरपासून गोव्यापर्यंत आपल्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या राहणारी, आपल्यासारखीच मराठी-कोकणी बोलणारी ही घरे आहेत. गावाच्या यादीत अशा एखाद्या घरची लेक निघाली तर तिचे नाव त्याच ओळीत, त्याच आकाराच्या अक्षरात लागले पाहिजे. इथे 'आपली' कोण याचा काथ्याकूट करायचा नाही. गावची ती गावची.

नाव लिहायला रक्ताचे नातेसुद्धा लागत नाही, हे आपल्याला सातासमुद्रापलीकडच्या एका खेड्याने दाखवले आहे. नाईक यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे, तिसऱ्या मराठा पलटणीचे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांची सारी तुकडी मशीनगनच्या माऱ्यात पडली. बावीस वर्षांचा हा नाईक एकटाच त्या मोर्चावर धावून गेला, तो त्याने काबीज केला आणि तिथेच गोळी लागून पडला. देह मिळाला नाही. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर. इटलीच्या त्या मोहिमेत ५,७८२ हिंदी सैनिक पडले आणि तिथे दिल्या गेलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसांपैकी ६ हिंदी सैनिकांचे होते. त्या भागात मोंटोने म्हणून डोंगरावर वसलेले छोटेसे गाव आहे. जुलै २०२३ मध्ये त्या गावाने घाडगे यांच्या नावाचे स्मारक उभारले. काय उभारले? सूर्यघड्याळ! आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचे लॅटिन वाक्य त्याच्याबरोबर आहे. मोंटोनेच्या लोकांना पळसगाव कुठे आहे हे नकाशात शोधावे लागले असेल. त्यांनी शोधले. आपल्याला तर पलीकडच्या गल्लीत जाऊन विचारायचे आहे.

विचारायचे कसे, यासाठी नवी समिती, नवा ठराव, नवा अध्यक्ष अशी आपली नेहमीची पद्धत नको. आपल्या भागात यादी करण्याची एक जुनी आणि चोख रीत आहे. गावची लक्ष्मी यात्रा ठरली की गल्लीवार, घरवार माहेरवाशिणींची यादी निघते. कोण लेक कुठे दिली, तिचे सासरचे नाव काय, तिला निरोप गेला की नाही, ओटीचे काय, सारे तोंडपाठ असते. पन्नास वर्षांपूर्वी दिलेली लेकसुद्धा सुटत नाही. सुटली तर रुसवा ठरलेला. याच यादीत एक रकाना वाढवायचा, लेक सैन्याच्या सेवेत होती किंवा आहे काय. घरच्या म्हाताऱ्या बाईला विचारावे, पुरुषांना विचारून उपयोग नाही. ज्या गावात यात्रेचा काळ दूर आहे तिथे शाळेचे जुने जनरल रजिस्टर आहे. कागदपत्राची खातरजमा जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयातून, पेन्शनच्या कागदावरून करता येते.

आणि नाव लिहिताना जन्माचे आडनाव आधी, सासरचे नंतर, दोन्ही लिहावीत. माहेरच्या गावी लिहावे, सासरच्या गावीही लिहावे. एक माणूस दोन फलकांवर आला म्हणून कुणाचे काही बिघडत नाही. बाईच्या बाबतीत तर ते खरेच आहे, तिची गावे दोन असतात. केवळ दिवंगत किंवा केवळ हुतात्म्यांचीच यादी असा हट्टही इथे धरू नये. परिचारिका सहसा गोळीने मरत नाही. तिने किती माणसे मरू दिली नाहीत हे मोजायला फलकावर रकाना नसतो. १९७१ च्या युद्धात पंचविशीत असलेली परिचारिका आज ऐंशीच्या घरात आहे. तिला आपले नाव वाचता यायला हवे, तेही चष्मा लावून का होईना, स्वतःच्या डोळ्यांनी.

काही माजी सैनिक बंधू विचारतील, नर्स ही 'माजी सैनिक' कशी? प्रश्न मनात ठेवण्यापेक्षा विचारलेला बरा. कायद्यातही हा वाद वर्षानुवर्षे होता. पंजाबातल्या एका नोकरभरतीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये या सेवेतून आलेल्या अधिकाऱ्यांना त्या राज्याच्या नियमांनुसार माजी सैनिक धरले. निकाल एका राज्याच्या नियमांपुरता असेल. आपल्या गावच्या मंडपात मात्र कुठल्या न्यायालयाची वाट पाहायची गरज नाही. तिथे नियम आपणच करतो.

राहिला भाषेचा प्रश्न, आणि सीमाभागात तो राहतोच. फलक मराठीत असावा हा आपला आग्रह आहे, आणि मराठी बोलणाऱ्या गावात तो रास्त आहे. परंतु भाषेच्या वादात फलक वर्ष-दोन वर्षे ताडपत्रीखाली पडून राहावा, हे कुणाच्याच हिताचे नाही. मराठा केंद्रातून भरती होऊन गेलेल्यांत कन्नड बोलणारी पोरेही आहेत. लष्करी इस्पितळात जखमी कुठल्या भाषेत कण्हतो हे सिस्टरने कधी पाहिले नाही. मराठी वर, कन्नड खाली, किंवा दोन फलक शेजारी शेजारी. जागेचा, रंगाचा, कोनशिलेवर कोणत्या पुढाऱ्याचे नाव येणार याचा वाद घालायचा असेल त्यांनी तो नावे कोरून झाल्यावर घालावा. आणि पुढाऱ्याचे नाव सैनिकाच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत असू नये, ही सूचनाही याच ठिकाणी करून ठेवतो. पुष्कळ गावांत आज उलटे दिसते.

१९२६ पासून धरले तर २०२६ हे या सेवेचे शंभरावे वर्ष. १ ऑक्टोबर हा तिचा स्थापना दिन. आपल्या मंडळांनी, युवक संघांनी, महिला मंडळांनी आपापल्या गावच्या कार्यक्रमांत हा एक दिवस वाढवावा. मोठा खर्च नको, मंडप नको, शाळेच्या पडवीत झाला तरी चालेल. त्या दिवशी गावच्या लेकींना आणि सुनांना बोलवावे, ज्या सेवेत होत्या त्यांना आणि ज्यांना आता जायचे आहे त्या बारावीच्या मुलींनाही. खुर्ची पहिल्या रांगेत, वीरमातांच्या शेजारी. आणि शाल देताना 'आमच्या गावच्या नर्सबाई' असे म्हणून देऊ नये. तिचा हुद्दा आधी विचारून घ्यावा, लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर, जो असेल तो, आणि माइकवरून तो नावाच्या आधी घ्यावा.